प्रत्येक फुली म्हणजे क्रूस नव्हे

गेल्या महिन्यात हापिसातली आम्ही नऊ टाळकी अजिंठ्याला जाऊन आलो. शुक्रवारी रात्री पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलर, संभाजीनगरला पहाटेचा चहा, सिल्लोडच्या पुढे झोपमोड करणारा रस्ता, फर्दापूरला गाडी लावून पुढे शटल बस, असा सगळा नेहमीचा कार्यक्रम. दहा नंबरच्या लेण्यात शिरलो आणि आमच्यातला एकजण जवळजवळ ओरडलाच, "अरे, हे तर सेम टू सेम चर्च आहे!"

तशी त्याची चूक नव्हती. मधली लांबलचक मोकळी जागा, दोन्ही बाजूंना ३९ अष्टकोनी खांबांची रांग, ती रांग टोकाला अर्धगोलात वळलेली, वर कमानीचं छत. कुणालाही वांद्र्याचं नाहीतर वसईचं एखादं चर्च आठवावं. तिथवर ठीक होतं. पण मग पठ्ठ्यानं मोबाईल काढला आणि कुठल्याशा ग्रुपवर आलेला एक फोटो दाखवला. सातवाहनांच्या एका नाण्याचा. नाण्यावर ठसठशीत अधिकचं चिन्ह. खाली मजकूर असा की, रोमन व्यापाऱ्यांबरोबर दोन हजार वर्षांपूर्वीच महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म आला होता, आणि हा घ्या नाण्यावरचा क्रॉस, आता बोला!

बोलायला आमच्यात लोकांची कमतरता नाहीच. दुसरा लगेच उसळला. "उलटं आहे! क्रॉस आपल्याकडून तिकडे गेला. स्वस्तिकाचे वाकडे हात काढ, काय उरतं? व्हॅटिकन म्हणजे वाटिका आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती." (ही मांडणी पु. ना. ओकांची. त्यांची पुस्तकं आमच्या लहानपणी घरोघरी फिरायची, आता त्यांचे तुकडे मोबाईलवर फिरतात.)

पंधरा मिनिटं हे चाललं होतं. आमच्यात एकजण ख्रिस्ती आहे. मराठी ख्रिस्ती, आजोळ जालन्याचं. तो तेवढा वेळ मान वर करून खांबांवरची पुसट चित्रं बघत होता. शेवटी कुणीतरी त्याला म्हणालं, "तू सांग ना, तुझाच विषय आहे." तो म्हणाला, "माझा विषय टेस्टिंग आहे. चित्रं बघून घ्या, परत कधी येणार आपण?" आणि पुढच्या लेण्याकडे निघून गेला.

सगळे हसले. मीही हसलो. पण मला आतून चांगलंच लागलं, कारण दोन वर्षांपूर्वी तो वाटिकेचा मेसेज हसऱ्या चेहऱ्यासकट आमच्या ग्रुपवर टाकणारा मीच होतो. तोही त्या ग्रुपवर होता. तेव्हाही तो काही बोलला नव्हता.

म्हणून हा लेख. थोडा उशिरा, पण लिहितोय.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. आकार सारखा असणं हा पुरावा नसतो. चिन्हाचा अर्थ त्याच्या आकारात नसतो, ते कधी, कुठे आणि कुणी वापरलं ह्यात असतो. आणि "क्रॉस इथे आला" म्हणणारे आणि "क्रॉस इथून गेला" म्हणणारे, दोघंही एकच चूक करतायत.

आधी ते "चर्च" घेऊ. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादी नावाच्या दात्याचा ब्राह्मी लेख आहे. अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला मानतात. म्हणजे येशूचा जन्मही झाला नव्हता तेव्हाचा! चर्चला हा आराखडा मिळाला चौथ्या शतकात, रोमन लोकांच्या बसिलिका नावाच्या सार्वजनिक सभागृहांवरून. "बघा, म्हणजे इथूनच गेला," असं म्हणायला काहींची जीभ शिवशिवली असेल. थांबा. त्या लेण्यात टोकाला काय आहे? स्तूप. खांबांच्या मागची वाट कशासाठी? प्रदक्षिणेसाठी. चर्चच्या बाजूच्या वाटा त्यासाठी नसतात. पुष्कळ माणसं एका छताखाली जमवायची आणि सगळ्यांची नजर एका टोकाकडे न्यायची, हा प्रश्न दोन्हीकडे होता, म्हणून उत्तरं सारखी दिसतात. दोन वेगळ्या टीमनी एकच प्रॉब्लेम सोडवला तर कोड सारखा दिसतोच की. लगेच कॉपी मारली म्हणून बोंब ठोकायची नसते.

आता नाणं. फोटोतलं ते अधिकचं चिन्ह म्हणजे चार टोकांना चार वर्तुळं असलेली फुली. नाणेशास्त्रात तिला "उज्जैन चिन्ह" म्हणतात, कारण ती उज्जैनच्या जुन्या नाण्यांवर भरपूर सापडते, आणि त्यातली बरीच नाणी इसवी सनापूर्वीची आहेत. तिचा मूळ अर्थ काय ह्यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत, असू देत. पण जी फुली ख्रिस्ताच्या आधीपासून चालत आली आहे, तिला ख्रिस्ताच्या क्रूसाशी कसं काय जोडणार?

ह्या फुलीचा सगळ्यात झकास किस्सा आपल्या नाशिकजवळचा आहे. १९०६ साली जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा मारला होता. एका बाजूला कमानींचा डोंगर आणि भोवती स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला हेच उज्जैन चिन्ह. नहपानाला हरवल्यावर नाणी वितळवत बसण्याऐवजी त्याच्या तोंडावरच ठप्पा मारला. "आता मालक बदललाय" हे बाजारात प्रत्येकाच्या हातात पोचवण्याची ह्याहून सोपी पद्धत नसेल. म्हणजे त्या फुलीचा तिथला अर्थ सरळ राजकीय आहे. ही नाणी, हा राजा आणि हा विजय एकत्र बघितले की तो दिसतो. नुसता फुलीचा फोटो कापून फिरवला की गायब.

गंमत पुढेच आहे. ह्या साठ्याचा सविस्तर वृत्तांत लिहिला तो रेव्हरंड एच. आर. स्कॉट ह्या पाद्र्यानं. क्रूस शोधायची हौस कुणाला असायला हवी होती तर त्यालाच. पण त्यानं काय पाहिलं? नहपानाचे चेहरे नाण्यानाण्यावर इतके वेगळे आहेत की ते एकाच माणसाचे कसे असतील, ह्याची चिकित्सा तो करत बसला. आणि हो, नहपानाच्या त्या नाण्यांवर ग्रीक अक्षरंही आहेत, ब्राह्मी आणि खरोष्ठीच्या जोडीला. त्या अक्षरांमुळे नहपान ग्रीक होत नाही. मग फुलीमुळे सातकर्णी ख्रिस्ती कसा होईल?

"अरे, पण रोमन नाण्यांवर तर ख्रिस्ती चिन्हं असतातच ना?" असतात. पण तिथेही हाच गोंधळ आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरं, खी आणि ऱ्हो, एकात एक गुंफली की एक चिन्ह तयार होतं. इंग्रजी पी च्या दांड्यावर तिरकी फुली, असं ते दिसतं. आता हेच चिन्ह इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमीच्या ब्राँझच्या नाण्यांवर आहे, गरुडाच्या पायांच्या मधोमध. टॉलेमी कधीचा? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. तिथे ती टांकसाळीची एक खूण होती, बस्स.

दुसरं उदाहरण तर कुणाही फॉरवर्डप्रेमी माणसाच्या तोंडाला पाणी सुटेल असं आहे. आजच्या तुर्कस्तानात मायोनिया नावाचं एक शहर होतं. तिथल्या एका नाण्यावर रोमन सम्राट डेशिअसच्या काळात हे चिन्ह आलंय. डेशिअस म्हणजे ज्यानं २५० च्या सुमारास साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यावा असं फर्मान काढलं आणि ते न मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तोच. छळ करणाऱ्याच्या नाण्यावर छुपा क्रिस्त! सिनेमाच निघेल की. पण नाणं नीट वाचलं तर काय दिसतं? ते चिन्ह "आर्खोन" म्हणजे नगरप्रमुख ह्या शब्दाच्या संक्षेपात बसलंय. खी आणि ऱ्हो ही अक्षरं त्या शब्दात शेजारी शेजारी येतात, म्हणून ती जोडून लिहिली. आणि नाण्याच्या मधोमध कोण आहे? रथात बसलेला डायोनायसस, दारूचा देव. आता तो नगरप्रमुख किंवा ते अक्षर कोरणारा कारागीर मनातून ख्रिस्ती असेलही, अशी शंका काहींनी घेतली आहे. शंका घ्यायला कुणाची ना नाही. पण शंका आणि पुरावा ह्यांत फरक असतो. बग रिपोर्टमध्ये "मला वाटतं सर्व्हरच खराब आहे" एवढंच लिहून टाकणाऱ्याला आपण काय म्हणतो, आठवा.

मग खरं ख्रिस्ती चिन्ह कोणतं, हे कसं ठरतं? कॉन्स्टंटाईनचं उदाहरण घेऊ. ३१२ साली त्यानं रोमजवळची मोठी लढाई जिंकली. लढाईआधी त्याच्या सैनिकांच्या ढालींवर एक दैवी खूण काढली गेली, असं लॅक्टँशिअस नावाच्या लेखकानं काही वर्षांतच लिहून ठेवलं. ३१५ च्या सुमाराच्या एका चांदीच्या पदकावर त्याच्या शिरस्त्राणावर ही गुंफलेली अक्षरं आहेत, अगदी बारीक. ३२७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पाडलेल्या एका नाण्यावर त्याच चिन्हाचं निशाण सापाला भोसकताना दिसतं. म्हणजे माणूस, तारीख, लिखित साक्ष, सगळं एकमेकांना पुष्टी देतं. तरीही ह्याच कॉन्स्टंटाईनच्या नाण्यांवर लढाईनंतर कितीतरी वर्षं सूर्यदेव झळकत होता! म्हणजे खात्रीशीर उदाहरणातही गोष्ट सरळसोट नाही. पुढे ३५३ मध्ये मॅग्नेन्शिअसनं नाण्याची अख्खी मागची बाजू ह्या चिन्हाला दिली. तिथे मात्र शंकेला जागा उरत नाही.

आणि उलटही होतं. टायबेरिअस सम्राटाचा चांदीचा देनारिअस हा युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांचा लाडका. कर द्यावा का, असं विचारणाऱ्यांना येशूनं "ह्या नाण्यावर कुणाचा चेहरा आहे?" असा उलट प्रश्न केल्याची बायबलमध्ये गोष्ट आहे, ते नाणं हेच असावं असा समज आहे. त्या गोष्टीत सीझर म्हटलंय, टायबेरिअस नाही. नाण्यावर एकही ख्रिस्ती खूण नाही. एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला बसलेली एक स्त्री. तरी ते "बायबलचं नाणं" म्हणून विकलं जातं. आणि हीच नाणी दक्षिण भारतात मोठ्या संख्येनं सापडली आहेत. मिरी, मोती आणि कापड ह्यांची किंमत म्हणून ती इथे आली. धर्माबिर्माचा काही संबंध नाही.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. दख्खनमध्ये क्रूस असलेली खरीखुरी नाणी आलीच नाहीत का? आली होती! पाचव्या शतकात, साधारण ४२० पासून, दुसऱ्या थिओडोसिअसच्या सोन्याच्या नाण्यांवर हातात लांब क्रूस घेतलेली विजयदेवता दिसू लागते. पुढच्या सम्राटांनीही तीच पद्धत चालू ठेवली. अशी पाचव्या-सहाव्या शतकातली नाणी कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आलूरला सापडली, दक्षिणेत इतरत्रही सापडली. काळ बघा. वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळी अजिंठ्याची दुसऱ्या टप्प्यातली लेणी कोरली आणि रंगवली जात होती, साधारण त्याच सुमाराची ही नाणी. तर इथल्या लोकांनी ह्या नाण्यांचं काय केलं? भोकं पाडली. बऱ्याच नाण्यांत सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन भोकं आहेत, म्हणजे गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ दिसावा. क्रूस मागच्या बाजूला, अंगाला चिकटलेला. इतकंच नाही, इथल्या सोनारांनी तसल्या नाण्यांच्या नकलाही केल्या, त्यावरची अक्षरं तर निव्वळ गिचमीड.

म्हणजे खरा क्रूस, खरं नाणं, आणि ते घालणाऱ्या बाईच्या धर्माबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तिला सोनं आवडलं, परदेशी मुखवटा आवडला. आपण छातीवर अमेरिकन विद्यापीठाचं नाव असलेला टीशर्ट घालून फिरतो, त्यातले किती जण तिथे शिकलेत?

आता कुणी म्हणेल, मोठमोठे अभ्यासकही चुकतातच की. चुकतात! आणि त्याचं उदाहरण अजिंठ्यातच, पहिल्या लेण्यात आहे. तिथल्या एका भिंतीवर सिंहासनावर राजा, आणि समोर उंच टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी. जेम्स फर्ग्युसननं १८७९ मध्ये निबंध लिहून सांगितलं की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि समोर इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील. छतावर हातात पेला घेतलेली जोडी आहे, तो खुस्रो आणि ती शिरीन, असंही ठरलं. कल्पना झकास. एका अरबी इतिहासात दोन्ही दरबारांतल्या पत्रव्यवहाराचा उल्लेखही सापडत होता. पुढची कित्येक वर्षं हे पुस्तकांतून छापलं गेलं, आजही लेण्यात कुणीतरी कुणालातरी सांगताना ऐकू येतं. पण पुलकेशी सातव्या शतकातला, आणि वॉल्टर स्पिंक ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी आयुष्य घालवून दाखवलं की हे लेणं हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. दीडशे वर्षांनी येणारे वकील आधीच कसे रंगवणार? जर्मन अभ्यासक डीटर श्लिंग्लोफ ह्यांनी ते चित्र महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेशी जुळवलं. टोप्या खऱ्या, दाढ्या खऱ्या, इराणकडची माणसं चित्रकाराच्या ओळखीची होती हेही खरं. वकिलात तेवढी खोटी.

फरक हा की तिथे चूक दुरुस्त झाली. कुणीतरी तारीख तपासली आणि आवडती गोष्ट सोडून दिली. फॉरवर्डला दुरुस्ती नसते. त्याचा पॅच कधीच निघत नाही.

आणि नाणी काहीच सांगत नाहीत, असंही माझं म्हणणं नाही. "थॉमसची कृत्ये" ह्या जुन्या ख्रिस्ती ग्रंथात भारतातल्या गोंदोफर्नेस राजाची गोष्ट आहे. त्याचं नाव दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. मग १८३० च्या दशकात अफगाणिस्तान-पंजाब भागात त्याची नाणी निघाली! म्हणजे राजा खरा होता, हे नाण्यांनी सांगितलं. संत थॉमस त्याच्या दरबारात गेला होता का? त्यावर नाणी गप्प आहेत. नाणं जेवढं बोलतं तेवढंच ऐकायचं. त्याच्या तोंडात आपली वाक्यं घालायची नाहीत.

"ठीक आहे रे, पण एवढं काय? थोडा अभिमान वाटला लोकांना, बिघडलं काय?"

बिघडतं. ह्या दोन्ही मेसेजच्या मागे एकच प्रश्न दडलेला आहे, आणि तो आमच्या त्या जालन्याच्या मित्राला विचारलेला आहे. पहिला मेसेज म्हणतो, तू दोन हजार वर्षं जुना आहेस, म्हणून चालशील. दुसरा म्हणतो, तुझं सगळं आमच्याकडूनच चोरलेलं आहे. दोन्हींत त्याच्याकडे पावती मागितली जाते. माझ्याकडे कुणी पावती मागितली नाही कधी. माझे खापरपणजोबा कुठून आले ते मला सांगता येणार नाही, तरी मला कुणी नाणं दाखवून सिद्ध करायला लावत नाही.

पुरावाच हवा असेल तर तोही आहे, आणि तो नाण्यावर नाही. कॉस्मस नावाचा एक ग्रीक व्यापारी-साधू सहाव्या शतकाच्या मध्यावर लिहून गेलाय की कल्लियाना इथे इराणहून नेमलेला बिशप आहे. बरेच अभ्यासक हे गाव म्हणजे आपलं कल्याणच मानतात. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स ह्यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठीत, ओव्यांमध्ये. पण समजा ह्यातलं काहीच नसतं. समजा माझ्या मित्राच्या आजोबांनी परवाच बाप्तिस्मा घेतला असता. तरी तो मराठीत चिडतो, मराठीत हसतो आणि रिलीजच्या रात्री माझ्याबरोबर अडीच वाजता वडापाव खातो. त्याचं इथलं असणं कुठल्याही सातवाहनाच्या सहीवर अवलंबून नाही. हे सांगायला मला नाणेशास्त्र वाचावं लागलं, ह्याचीच मला लाज वाटते.

तर माझ्यापुरता मी एक नियम केलाय. कुठल्याही जुन्या चिन्हाचा फोटो आला की तीन प्रश्न. कधीचं? आजूबाजूला आणखी काय आहे? आणि त्या काळच्या लोकांनी त्याचं काय केलं? तिन्हींची उत्तरं नसतील तर पुढे पाठवायचं नाही. आवडलं असेल तर अजिबातच नाही, कारण आपल्याला आवडलेली गोष्टच आपण सगळ्यात कमी तपासतो.

त्या दिवशी निघताना दहाव्या लेण्यात मी एकटाच परत गेलो. तिथल्या एका खांबावर चित्राच्या अंगावर एक नाव खरवडलेलं आहे. जॉन स्मिथ, २८ वी घोडदळ पलटण, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेला हा कंपनी सरकारचा अधिकारी. लेणं तेव्हा राडारोड्यानं भरलेलं होतं. तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता म्हणून त्याची सही आज आपल्या डोक्याच्या वर दिसते. खाली कुणाचं चित्र आहे, कुणी काढलंय, कशासाठी, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त आपलं नाव हवं होतं.

मोबाईल काढून आम्ही त्या दिवशी त्याच खांबांखाली तेच करत होतो.

असो. सोमवारी हापिसात गेल्यावर मी मित्राला त्या जुन्या मेसेजबद्दल सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "कुठला मेसेज?" आणि मग जरा थांबून, "चहा तुझ्याकडून." त्याला मेसेज आठवत होता.